त्या कपात ककाओ नव्हता

रविवार, रात्री

धाकटीने दुपारी भांडी विसळता विसळता सांगून टाकलं. "ताई, गुरुवारी तुला करून दिलं ना, त्यात तुझी ककाओची वडी नव्हती. संपली होती. साधी कोको पावडर घातली मी." मग नळ बंद केला, हात पुसले आणि गेली. तिच्यापुरता विषय संपला.

माझ्यापुरता संपेना. गुरुवारी मी तो कप दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसले होते, डोळे मिटून. चार घोट झाले आणि रडू आलं. किती महिन्यांनी आलं. आधी ती किल्ली आठवली, मग किल्लीला बांधलेला लाल दोरा, आणि नंतर थांबवावंसं वाटलंच नाही. रात्री याच वहीत लिहिलं, "आज ककाओने आतली गाठ सोडवली." ते वाक्य आत्ता समोर आहे. ककाओने म्हणे. कुठल्या?

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मला कळलं नाही. दोन वर्षं मी मन शांत व्हावं म्हणून ककाओ असा विधीसारखा पिते आहे, फरक मला कळायला हवा होता. वडी म्हणजे ककाओचं, ज्यापासून चॉकलेट करतात त्या झाडाचं, सबंध बी. शेंगेतून काढून गरासकट आंबवलेलं, वाळवलेलं, भाजून सोललेलं आणि वाटलेलं, त्यातलं काहीही काढून न घेतलेलं. वजनाच्या निम्म्याच्या आसपास तर नुसतं कोकोचं लोणी. पावडर म्हणजे ते लोणी दाबून काढल्यावर उरते ती पेंड, दळलेली. तो दाब द्यायची युक्ती व्हान हाउटेन यांनी १८२८ मध्ये नेदरलँड्समध्ये काढली. त्याआधी हजारो वर्षं जे कोणी ककाओ प्यायले ते लोण्यासकटच प्यायले.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही, कपात दिसतं. वडीच्या कपावर तेलाचे बारीक डोळे तरंगतात. ओठांवर मऊ थर बसतो, कप रिकामा झाला तरी आतल्या बाजूला तपकिरी वलय चिकटून राहतं, गार पाण्याने जात नाही. गुरुवारच्या कपाला वलय नव्हतं. तळाशी गाळ होता, पिठासारखा. मी बोट फिरवून तो चाटला होता! तेव्हाही कळलं नाही.

मग काय कळतं मला? इतकी वर्षं जे शांत वाटतं, जे उघडल्यासारखं वाटतं, ते कशामुळे? कोणी विचारलं की मी छातीठोकपणे सांगत आले. ककाओतलं थिओब्रोमीन, कॅफीनपेक्षा मवाळ, रक्तवाहिन्या सैल करणारं. खरंच आहे ते. पण थिओब्रोमीन लोण्यात नसतं, पेंडीतच राहतं. म्हणजे पावडरीतही होतंच. यावर दुपारी घटकाभर मी मनाची समजूत घातली. मग आठवलं की धाकटीने एकच चमचा घातला असणार, ती नेहमी तेवढीच घालते. माझी मोठ्या दिवसाची मात्रा चाळीस ग्रॅम, काट्यावर मोजून. एका चमच्यात कितीसं येणार? शिवाय ते रक्तात चढायलाच तास-दोन तास जातात. मी चार घोटांत रडले.

चार घोटांत!

साहागून या स्पॅनिश धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात मेक्सिकोत तिथल्या मूळच्या नाहुआ लोकांकडून सगळं लिहून घेतलं, त्या फ्लोरेंटाइन कोडेक्स नावाच्या हस्तलिखितात ककाओ विकणाऱ्यांचंही वर्णन आहे. ककाओच्या बिया तेव्हा पैशासारख्या चालत, म्हणून खोट्याही निघत. लबाड विक्रेता राजगिऱ्याची कणीक, मेण, अॅव्होकॅडोच्या कोयीचे तुकडे घेऊन त्यांवर ककाओची सालं चढवायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या गिऱ्हाइकाची कीव आली होती. घरी नेऊन, पाट्यावर घालून वाटायला घेतल्यावर त्याला कळत असेल. मला तर पिऊनही कळलं नाही.

संध्याकाळी धाकटीशी बोलले नाही. ती दोनदा खोलीत डोकावली, मी वहीतून मान वर केली नाही. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट उरली आहे असं वाटत होतं, तिच्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही. बाकी सगळं तर गेल्या वर्षी... जाऊ दे.

आठच्या सुमाराला नवी वडी मागवायची म्हणून डबा काढला, आधीची कुठल्या बागेची होती ते पाहायला. डबा जड लागला. उघडला तर आत वडी. अर्ध्याहून जास्त. सुरीने तासलेली कड तशीच, मी शेवटची तासली होती तशी तिरकी, चुऱ्यासकट.

संपली नव्हती.

उभ्या उभ्या पाकीट हातात घेतलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे की हृदयाची किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ते मीच तिला वाचून दाखवलं होतं, पहिलं पाकीट आलं तेव्हा, मोठ्याने. पुढे म्हणाले होते, आपल्याला काय करायचंय त्याचं. माझ्या गोळ्या गेल्या महिन्यात सुरू झाल्या. मी विसरले. तिने लक्षात ठेवलं.

आणि मला सरळ सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? गुरुवारी नाही. गुरुवारी मी कोणाचंच ऐकलं नसतं, हे तिला माझ्याआधी ठाऊक.

तरी राग पुरता गेलेला नाही. खोटं बोलली ती, तेही दोनदा. डॉक्टरांना उद्या फोन करीन, तोवर वडी डब्यात. पण गुरुवारचं रडणं मात्र दुपारपासून पहिल्यांदा हलकं वाटतंय. त्याला चाळीस ग्रॅम लागले नाहीत. काटा लागला नाही. कोणीतरी कप करून हातात दिला, एवढंच होतं त्यात. तो लाल दोरा कधीचा दाराशी उभा असणार.

अशा वडीला 'सेरेमोनिअल', म्हणजे विधीसाठीची, म्हणतात, पण तो शब्दही कोणी मोजून दिलेला नाही. त्याचा दर्जा ठरवणारी संस्था नाही, कायदा नाही. मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांचा मान होता फेसाला. प्रिन्स्टनच्या संग्रहालयात तेराशे वर्षांपूर्वीचं एक माया भांडं आहे. त्यावर एक बाई उभी राहून हातातल्या भांड्यातून खाली ठेवलेल्या भांड्यात धार सोडते आहे, बरीच उंचावरून, फेस यावा म्हणून. रवीसारखा मोलिनियो स्पॅनिश लोक आल्यानंतरचा. त्याआधी उंची आणि हात, बस. मी ते चित्र इतक्यांदा पाहिलंय आणि दोन वर्षं घुसळते मात्र बॅटरीच्या फिरकीने, एकटी.

नऊ वाजता पाणी कोमट केलं. दोन कपांचं. पावडर एकेक चमचा, आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडल्या, मग बाकीचं पाणी, चिमटीभर मिरची. धाकटीला हाक मारली. ती दारातच थांबली, डबा ओट्यावर उघडा होता तो तिने पाहिला. मी काही बोलले नाही, तीही नाही. मोठं भांडं तिच्या हातात दिलं आणि खाली दुसरं धरलं.

"किती उंचावरून?"

"खांद्याएवढ्या."

पहिली धार माझ्या मनगटावर आली. दुसरीही अर्धी ओट्यावर. भांडी बदलून पाच-सहा वेळा केल्यावर वर फिकट तपकिरी बुडबुडे धरले, मोठे, टिकणारे नव्हेत. लोण्याचा दाटपणा नव्हता ना.

"विरायच्या आत पी," ती म्हणाली.