नऊ मीटर उंचीची वाडी

नकाशावर ती वाडी हिरवी होती. हिरवी म्हणजे भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित.

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावासाठी मी हा नकाशा केला होता. स्वतंत्र मोजणीला पैसे नव्हते, म्हणून सगळी माहिती सरकारांनी खुली ठेवलेली घेतली. जमिनीची उंची नासाच्या एसआरटीएम या रडार मोजणीतली, उपग्रहचित्रं इस्रोच्या 'भुवन'वरची आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतली. ऑगस्ट 2022 मध्ये, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, नकाशाची गुंडाळी घेऊन गावात पोचले.

खाडीकडच्या पहिल्याच घरी ओटीवर नकाशा पसरला. घरातल्या आजींना म्हटलं, "आजी, तुमचं घर समुद्रापासून नऊ मीटर उंच आहे. काळजी नाही."

"अगो, जरा थांब," त्या म्हणाल्या. "भरती होऊ दे."

दुपारी पऱ्यातलं पाणी उलटं वाहायला लागलं. गडग्याच्या फटींतून वाडीत शिरलं, विहिरीला वळसा घालून तुळशीपर्यंत आलं आणि पायरीखाली थांबलं. पावसाचा थेंब नव्हता, वारा नव्हता. "उधाणाला एवढं येतंच. भांगाला नाही येत," आजींनी इतक्या सहज सांगितलं की मला बोलवेना. उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. नकाशा माझ्या मांडीवर होता आणि पाणी हाताच्या अंतरावर.

डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून पाहिली. अंगण सरासरी समुद्रपातळीपासून जेमतेम दीड-दोन मीटर वर होतं. मग उरलेले सात मीटर आले कुठून?

उत्तर वाडीतच पडलेलं होतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आजींचे माड आणि पोफळी आडव्या झाल्या. मी पाहत होते ती बुंध्यांची खुंटं आणि मधे नुकती लावलेली रोपं. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी 2000 मधली. अवकाशयानातून अकरा दिवस रडारच्या लहरी पृथ्वीवर सोडल्या आणि परत आलेल्या लहरींवरून उंची काढली. दाट झाडीत या लहरी बऱ्याचशा वरच्या पानांवरूनच परततात, सगळ्या जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्यात एकेक चौकट साधारण 30 मीटरची. वाडी, घर, पाखाडी सगळं मिळून एकच आकडा. मी जिला जमीन समजले होते, तिच्यात माडांच्या झावळ्या मिसळल्या होत्या, आणि ते माड दोन वर्षांपूर्वीच गेले होते.

हे कोणी लपवलेलं नव्हतं. माहितीसोबतच्या दस्तऐवजात मोजणी कशी केली ते स्पष्ट लिहिलेलं आहे. मी आकड्यांची फाइल उतरवली आणि तो वाचायचा राहिला. ही चूक पूर्णपणे माझी. पण खुल्या माहितीचं मोल मला त्या दिवशी जास्तच पटलं, कारण चूक कुठे झाली ते मला एका संध्याकाळी, कुणाची परवानगी न मागता शोधता आलं.

मग दुसरा रकाना, लोकसंख्येचा, तपासला. जनगणनाही फेब्रुवारीतलीच, 9 ते 28 फेब्रुवारी 2011. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया. पुरुष मुंबईला, घरात बायका आणि म्हातारी माणसं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पण वादळाची वेळ वेगळी असते. निसर्ग आलं तेव्हा टाळेबंदीमुळे चाकरमानी गावातच होते. फेब्रुवारीच्या आकड्यावर वादळातल्या निवाऱ्याची जागा ठरवली असती, तर निम्मं गाव बाहेर राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला गावातली चार मुलं गेरूचा डबा घेऊन माझ्याबरोबर निघाली. पाणी जिथवर चढलं तिथे गडग्यावर आणि पायऱ्यांवर रेघा मारल्या. नव्या नकाशात उंची त्या रेघांवरून घेतली. आजींची वाडी लाल झाली.

गणपती अठरा दिवसांवर होते. प्रत्येक घराच्या नावापुढे मी एक रिकामा रकाना वाढवला आणि आजींना विचारलं, "गणपतीत तुमच्याकडे माणसं किती?"

त्या बोटांवर मोजायला लागल्या. मुलगे, सुना, नातवंडं, बोरिवलीची लेक. सतरा झाली. जनगणनेच्या दिवसांत त्या घरात दोघंच होती.