शेवटची वीस पानं

उन्हाळ्याच्या सुट्टीत नववीच्या पोरांना एकेक पुस्तक घरी द्यायचं आणि जूनमध्ये त्याचा पानभर परिचय लिहून घ्यायचा, हा माझा दरवर्षीचा उद्योग. निकालपत्रात त्याला रकाना नाही, कुणी वरून मागतही नाही. स्टाफरूममध्ये त्यावरून माझी चेष्टा होते आणि ती मी चालवून घेतो.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. एप्रिलपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या परतलेल्या असतात, म्हणजे मे महिन्यात गाव निदान भरलेलं असतं. दुपारी घरावरचे पत्रे असे तापतात की पोरं लिंबाखाली नाहीतर मारुतीच्या देवळात. तिथं बसून वाचतील, असा माझा भाबडा हिशेब. ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. पुस्तकं पुरत नाहीत, म्हणून एका वस्तीवरच्या पाच जणांत मी ‘बनगरवाडी’ची एकच प्रत दिली. आठवडा आठवडा वाटून घ्या म्हटलं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची. धनगरांच्या वाडीत आलेला पोरसवदा मास्तर, त्याची शाळा, पोरांना जवळचं वाटेल असं वाटलं. देताना चार वाक्यं बोललो. त्यात ‘तो मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता’ हे एक, आणि ‘चांगला लेखक सगळं सांगत नाही, काही आपल्यावर सोडतो’ हे दुसरं. प्रत मात्र मी उघडून पाहिली नाही. कशाला पाहतो? मी ती कॉलेजात वाचलेली होती.

जूनमध्ये शाळा उघडली आणि वह्या आल्या. अशा वह्या तपासायला मला फार वेळ लागत नाही. ‘वाचकाला अंतर्मुख करणारी कलाकृती’ हे शब्द नववीतल्या पोराच्या वहीत दिसले की समजायचं, हे मोबाइलमधून आलंय. तरी त्या पाचांपैकी चौघांनी गोष्ट नीट लिहिली होती. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वाडी उठून जाते. एकानं तर ‘मेंढ्या मेल्या तेव्हा माझे डोळे पाणावले’ असंही लिहिलं होतं. त्याच्या वहीत राजा मात्र औंढा नागनाथाहून आला होता, कारण औंध त्याला कुठून माहीत असणार. मी हसून दुरुस्त केलं आणि बरोबरची खूण दिली.

पाचवी वही एका मुलीची. अक्षर गिचमिड, रेघांच्या वर-खाली. तिनं लिहिलं होतं:

‘गावात तालीम होती. राजा आला. सगळे लोक खूश झाले. ही गोष्ट चांगली संपते म्हणून मला आवडली. राजा आला हे आजीला खरं वाटलं नाही. शेवटचं वाक्य लेखकाने मुद्दाम अर्धं सोडलं आहे. ते आपण पुरं करायचं.’

मी लाल पेनानं खाली लिहिलं, ‘पुस्तक न वाचता लिहिले आहे.’ वर एक उद्गारचिन्ह. ते उद्गारचिन्ह आज आठवलं तरी कसंतरी होतं.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. स्टाफरूममध्ये दोन सहकारी डबा खात होते. त्यांच्यादेखत विचारलं, ‘काय गं, दुष्काळ कुठं गेला?’

‘कोणता दुष्काळ सर?’

‘पुस्तकातला.’

‘पुस्तकात दुष्काळ न्हाई सर. म्या दोनदा वाचलं. आजीला वाचून दाखवलं.’

सहकारी हसले. मीही हसलो. ती काही बोलली नाही, वर्गात गेली आणि पुस्तक घेऊन आली. तिची पाळी शेवटची, त्यामुळं ते तिच्याकडंच होतं. तिनं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. खाली वाक्य अर्ध्यात तुटलेलं, आणि पुढं थेट पुठ्ठा. शेवटचा सोळा पानांचा फर्मा आणि त्याआधीची तीन-चार पानं गेलेली. कुणीतरी कधीकाळी खाकी कागद लावून मागचं कव्हर खळीनं इतकं निगुतीनं चिकटवलं होतं, की बघणाऱ्याला पुस्तक तिथंच संपतंय असं वाटावं. दुष्काळ सगळा त्या गेलेल्या पानांत.

तुटलेल्या वाक्यापुढं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आणि सगळे जेवायला बसले.’

म्हणजे ज्या चौघांना शेवट बरोबर माहीत होता, त्यांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं. जिचा शेवट चुकला, तिनं दोनदा वाचलेलं होतं. आणि मी वाचन तपासत नव्हतो, स्वतःची आठवण तपासत होतो. डबा खाणारे आता गप्प झाले होते. मी तिच्यासमोरच शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘वाचले आहे. चूक माझी.’ ती वही उलटी धरून वाचायचा प्रयत्न करत होती.

चौघांना रागावलो नाही. खरं तर रागवायला तोंडच नव्हतं. चौघांनी ती प्रत बघितली का, असं विचारलं तेव्हा एक म्हणाला, ‘कव्हर पाह्यलं सर.’

आजीचं तेवढं मला पटलं. आमचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडं होता. इथल्या म्हाताऱ्यांनी आपल्या आईबापांकडून रझाकारांच्या गोष्टी ऐकल्यात. राजा स्वतः वाडीवर येतो आणि तालीम बघतो, हे त्यांना पटावं कसं?

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर तालुक्याला गेलो, सार्वजनिक वाचनालयातून चांगली प्रत काढली आणि तेवढ्या पानांची झेरॉक्स करून आणली. सोमवारी तिच्या हातात दिली. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात बसून वाचत होती. मी लांबून बघत होतो, उगीच एक-दोन चकराही मारल्या. डबा तिनं उघडलाच नाही.

वाचून झाल्यावर आली. पानं नीट जुळवून परत दिली.

‘आता कसं वाटलं?’

‘बरंय. पण आधी तालमीपर्यंतच चांगलं व्हतं.’ मग थोडं थांबून, ‘सर, सगळे गेले तवा त्या मास्तरनं पोरांना हमी कार्ड दिले का?’

आमच्याकडं दिवाळीच्या आसपास टोळ्या निघायला लागल्या की आईबापाबरोबर जाणाऱ्या पोरांना आम्ही शिक्षण हमी कार्ड भरून देतो. ते दाखवून कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत बसता यावं, हा हेतू. तिचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी घेऊन गेला होता. मीच भरलं होतं.

‘नाही गं, तेव्हा नव्हतं तसलं काही.’

‘मग दाखले तरी दिले असतील,’ ती म्हणाली आणि पाणी प्यायला टाकीकडं गेली.