जिभेला लागलेली कणी

दाताखाली कचकन काही आलं की पहिला संशय तांदळावर. नीट निवडले नसणार, खडा राहिला असणार. मग जीभ तो खडा शोधायला निघते, आणि सापडतो तो घासात नाही, हिरडीत. रुतलेला, टोकदार, ढोसलं तरी न हलणारा. अशा वेळी चाळिशी उलटलेल्या माणसालाही प्रश्न पडतो तो दुसरीतल्या पोराचा: नवीन दात येतोय की काय?

सहसा नसतो. दात दोनदाच येतात, दुधाचे २० आणि कायमचे ३२. त्यातल्या शेवटच्या चार अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात उगवतात, काहींच्या रेंगाळतात. पण अक्कलदाढ गुपचूप येत नाही. सगळ्यात मागे, रुंद माथा घेऊन, हिरडी सुजवत, कधी जबडा उघडणं मुश्किल करत येते. मध्येच कुठेतरी तांदळाच्या कणीएवढं टोक लागत असेल, आणि महिन्या-दोन महिन्यांपूर्वी तिथली दाढ काढली असेल, तर ते बहुतेक वेळा दाताचं नसतंच. हाडाचं असतं.

दाढ ओढून काढतात हा एक समज. ओढून गाईचा खुंटाही निघत नाही. आधी इकडून तिकडे हलवून भोक सैल करावं लागतं. दाढेचंही तसंच. चिमट्यात धरून गालाकडे, जिभेकडे झुकवत तिच्या भोवतीचं हाड थोडं थोडं फाकवतात. खालच्या दाढेला दोन मुळं, वरच्या दाढेला तीन. या मुळांच्या मधोमध हाडाचा पातळ पडदा असतो आणि खालच्या अक्कलदाढेपाशी जिभेच्या बाजूची भिंतही पातळच. फाकवताना यातली एखादी कपची मोडते. हिरडीला घट्ट चिकटलेली असेल तर ती पुन्हा सांधली जाते. पण जिचा रक्तपुरवठा तुटला ती कपची मेली. मेलेलं हाड शरीर ठेवून घेत नाही. जिवंत आणि मेलेल्या हाडाच्या सीमेवरच्या पेशी मधला सांधा कुरतडून काढतात, खालून नवं लालसर मांस भरत येतं आणि कपची वर सरकते. काही आठवड्यांनी हिरडीतून टोक बाहेर. पायात मोडलेला काटा काही दिवसांनी आपोआप वर येतो, तसाच हा प्रकार.

जीभ मात्र याचं रामायण करते. तोंडातलं काहीही तिला आहे त्यापेक्षा मोठं भासतं. दातातल्या बारीक खड्ड्याची ती विहीर करते आणि दोन मिलिमीटरच्या कुसळाचं मुसळ. त्यामुळे ‘अर्धा दात आत ठेवलाय हो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ती कणी कापसावर काढून दाखवली, की त्याला विश्वासच बसत नाही. एवढीशीच?

निघालेला तुकडा फेकण्याआधी तळहातावर घेऊन नीट पाहावा. पांढरट, खरखरीत, कडा वेड्यावाकड्या आणि सुकल्यावर बारीक छिद्रं दिसणारा तो हाडाचा. काचेसारखी चकाकी असेल, नखाने ओरखडा उमटत नसेल, तर दाताच्या माथ्याचा टवका. पिवळसर, निमुळता, मोडलेल्या बाजूला मधोमध बारीक ठिपका असेल तर दाताचं मूळ. तो ठिपका म्हणजे नस जायची वाट. आणि नखाखाली भुगा झाला तर ते दाताचं कीटण. खालच्या पटाशीच्या दातांमागे लाळग्रंथीचं तोंड उघडतं, म्हणून कीटण तिथेच जास्त जमतं, आणि एखाद्या सकाळी त्याची अख्खी ढलपी ब्रशबरोबर निघते. माणूस घाबरतो, आरशात पाहतो, तर दात सगळे जागेवर.

मुळाचा तुकडा ही जरा वेगळी गोष्ट. वाकडं मूळ, हाडाशी एकजीव झालेलं मूळ किंवा रूट कॅनाल करून वरून पोखरलेली दाढ चिमट्यात मोडते आणि शेवटचं टोक आत राहतं. ते चार-पाच मिलिमीटरहून छोटं असेल, त्याला संसर्ग नसेल आणि खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला किंवा वर सायनसला, म्हणजे गालामागच्या हाडातल्या पोकळीला, टेकलेलं असेल, तर उकरून काढण्यापेक्षा राहू देणंच शहाणपणाचं. मात्र पेशंटला तसं सांगायला हवं आणि केसपेपरवर लिहायला हवं. टोक ठेवणं ही चूक नाही, ते न सांगणं ही आहे. कारण वीस वर्षांनी कवळी टोचू लागते. माणूस कवळी घासून आणतो, पुन्हा घासून आणतो, तरी टोचतेच. मूळ वर आलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा खालचं हाड झिजून खचलेलं असतं. ओहोटीला खडक उघडे पडतात तसं.

दुधाच्या दाढेचीही मुळं कधी मागे राहतात. दुधाच्या दुसऱ्या दाढेची मुळं चिमट्यासारखी फाकलेली, आणि त्या चिमट्यात कायमच्या उपदाढेचा कोंब. तो वर येताना मुळं आतून झिजवत येतो. कोंब अरुंद आणि चिमटा रुंद असला की टोकं झिजायची राहतात. ती बहुतेक निमूट विरघळतात. एखादं मोठेपणी उपदाढेच्या शेजारी डोकं काढतं.

आणि एक जागा कुणाच्या ध्यानात येत नाही: ओठ. स्कूटरवरून पडून समोरचा दात तुटला, तुकडा रस्त्यावर पडला असेल म्हणून सोडून दिला, सुजलेल्या ओठाला टाके घातले. काही महिन्यांनी ओठात गाठ लागते, ती त्या दाताचा तुकडा असते. म्हणून टाक्यांआधी ओठाचा एक्स-रे काढावा.

घरी करायचं ते थोडंच. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा हलकेच खळखळवायचं. (दाढ काढल्याच्या पहिल्या २४ तासांत चूळच भरायची नाही, रक्ताची गुठळी निघून येते.) सुई, टाचणी, भुवयांचा चिमटा लांब ठेवा. लवंग तेल उघड्या जखमेवर पोळतं, आणि मिश्री-तंबाखूने भरत आलेली जखम पुन्हा चिघळते. डॉक्टरांकडे छोटा एक्स-रे काढला की हाड की मूळ हे बरंचसं कळतं. सुटी कपची असेल तर बधिर करणारं जेल लावून चिमट्याने उचलतात, थेंबभर रक्त येतं आणि काम संपतं. पक्की असेल तर इंजेक्शन देऊन टोक घासून गुळगुळीत करतात.

पू, ताप, वाढती सूज किंवा ओठ बधिर पडणं असेल तर थांबू नये. आणि ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ या प्रश्नाला आजी हमखास बीपी आणि शुगर एवढंच सांगतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेट त्यांच्या हिशेबी रोजची नाही, म्हणून गोळीच नाही. झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन तर त्याहून विसरलेलं. या औषधांनी जबड्याचं हाड भरून येण्याची क्षमता मंदावते, आणि उघडं पडलेलं हाड आठ आठवड्यांतही झाकलं गेलं नाही तर तो वेगळाच आजार असतो. जबड्याला रेडिएशन झालं असेल तरी हीच सावधगिरी.

लहानपणी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचे, नवा चांगला यावा म्हणून. या कणीच्या वाट्याला ते भाग्य नाही. ती दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत जाते, आणि जीभ पुढचे दोन-तीन दिवस त्या रिकाम्या जागी फेऱ्या घालत राहते.