तुवालूला जायचंय? रोख पैसे न्या आणि रविवार मोकळा ठेवा

तुवालूहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "तो बुडणारा देश ना?" हो, तोच, प्रशांत महासागरातला, समुद्राची पातळी वाढतेय म्हणून. पण नुसतं बुडणं बघायला जाणार असाल तर जाऊ नका, कारण एक तर रोज काही बुडत नाही आणि दुसरं म्हणजे लोकांना त्याचा आता वैताग आलाय, कॅमेरे घेऊन येणारे सगळे तेवढंच विचारतात. मला स्वतःला उत्सुकता होती ती वेगळ्याच गोष्टीची, की २६ चौरस किलोमीटर जमीन आणि जेमतेम अकरा हजार माणसं, एवढ्यावर देश चालतो तरी कसा.

आधी जायचं कसं ते. मी ऑकलंडला राहतो, तिथून फिजी सोपं पडतं. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियामार्गे फिजीतलं नांदी गाठायचं आणि मग तिथली राजधानी सुवा, कारण तुवालूचं विमान सुवाजवळच्या नौसोरीहून सुटतं. छोटं पंख्याचं विमान, आठवड्यातून दोन-तीनदाच, आणि पाऊस किंवा बिघाड झाला की रद्द, मग पुढचं दोन-तीन दिवसांनी. म्हणून परतीचं आंतरराष्ट्रीय तिकीट अगदी चिकटून काढू नका, मध्ये मोकळे दिवस ठेवा. फिजीला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. तुवालूचे नियम मात्र बदलत असतात, तुवालूचं हायकमिशन सुवातच आहे, निघायच्या आधी त्यांना विचारून घ्या. तिकडचं घड्याळ आपल्या भारतापेक्षा साडेसहा तास पुढे.

वरून बघितलं की पहिला धक्का बसतो. फुनाफुती म्हणजे मधे मोठं निळं लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा तलावच, आणि त्याच्या कडेने जमिनीची बारीक किनार. निम्म्याहून जास्त देश या एकाच प्रवाळ कंकणावर, त्यातही बहुतेक फोंगाफाले नावाच्या पट्टीवर राहतो, आणि ती पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद की रस्त्याच्या एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला लगून, दोन्ही एकदम दिसतात. बाकीची आठ बेटं दूरदूर पसरलेली, नानुमेआ, नुई, वाइतुपू वगैरे, तिथे सरकारी बोटीनेच जाता येतं आणि बोटीचं वेळापत्रक बोट सुटली की कळतं. देशातली सगळ्यात उंच जागा साडेचार मीटरच्या आसपास, बस.

धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली अमेरिकनांनी बांधली आणि बेटावरची बरीच जमीन तिनेच खाल्ली. त्यामुळे विमान नसेल तेव्हा ती गावाचीच. संध्याकाळी पाचनंतर सगळं गाव तिथे, व्हॉलीबॉल, फुटबॉल, स्कूटरवरून चकरा, म्हाताऱ्यांच्या गप्पा, आपल्याकडचं नाना-नानी पार्कच म्हणा. उकाड्याच्या रात्री काही लोक चटई टाकून तिथेच झोपतात. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, मग बाजूला व्हायचं.

आता पैसे. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर, नाणी तेवढी त्यांची स्वतःची. देशातलं पहिलं एटीएम एप्रिल २०२५ मध्ये लागलं, पंतप्रधान फेलेती तेओ उद्घाटनाला हजर होते. तरी आपलं कार्ड चालेल या भरवशावर राहू नका, पूर्ण मुक्कामाची रोख फिजीतून घेऊनच निघा. राहायला लॉज आणि एक सरकारी हॉटेल, खोल्या मोजक्याच, एखादी परिषद असली की सगळ्या भरलेल्या, म्हणून आधी मेल करा आणि उत्तर नाही आलं तर परत करा. फिरायला स्कूटर भाड्याने मिळते, नाहीतर पायी.

देश कशावर चालतो? जमीन नाही पण समुद्र लाखो चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्यात ट्यूना. परदेशी बोटींना तिथे मासे धरायचे परवाने विकायचे, ही सगळ्यात मोठी कमाई. प्रशांतातल्या शेजारी देशांबरोबर गट करून हे लोक मासेमारीचे दिवस मोजून विकतात, एकेकट्याने घासाघीस करण्यापेक्षा त्यात भाव चांगला मिळतो, हे मला भारी वाटलं. दुसरं उत्पन्न नुसतं नशिबाने आलेलं, देशाचा इंटरनेट कोड डॉट टीव्ही निघाला आणि जगभरच्या व्हिडिओवाल्यांना तेच हवं! त्याच्या भाड्याचा आलेला पैसा वापरूनच २००० साली तुवालू संयुक्त राष्ट्रांत गेला, कारण सदस्य व्हायचं, न्यूयॉर्कला ऑफिस ठेवायचं म्हणजे खर्च असतो. शिवाय १९८७ चा ट्रस्ट फंड म्हणजे देशाचा गुंतवलेला निधी, परदेशी मदत, आणि जहाजांवर खलाशी म्हणून गेलेल्यांनी घरी पाठवलेले पैसे. पर्यटन जवळजवळ नाहीच, वर्षाला काही हजार लोक येतात, त्यातही बरेच कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाचे.

सरकारही आटोपशीर. संसदेत १६ जण, आठ मतदारसंघांचे दोन-दोन, राजकीय पक्ष नाहीत, त्यामुळे चार-पाच जण इकडून तिकडे गेले की पंतप्रधान बदलतो. राजा इंग्लंडचाच, त्याचा प्रतिनिधी गव्हर्नर-जनरल. पूर्वी हे ब्रिटिशांच्या गिल्बर्ट आणि एलिस वसाहतीत होते, एलिस म्हणजे आताचं तुवालू, गिल्बर्टवाले मायक्रोनेशियन, हे पॉलिनेशियन, म्हणजे लोकच वेगळे, १९७४ ला सार्वमत घेऊन वेगळे झाले आणि १ ऑक्टोबर १९७८ ला स्वतंत्र. वेगळं होताना वसाहतीतल्या फॉस्फेट खाणींच्या पैशातला वाटा सोडावा लागला, मिळालं एक जहाज. तरी लोकांनी प्रचंड बहुमताने हो म्हटलं होतं. सरकारी कचेरीची तीन मजली इमारत तैवानच्या पैशातून झालीय, १९७९ पासूनची मैत्री आहे, ती यांनी अजून सोडलेली नाही.

या तैवानचा शाकाहाऱ्यांना थेट फायदा आहे बरं का. त्यांनी मातीचे वाफे करून भाजीचा मळा चालवलाय, कारण बेटावरची जमीन वाळू आणि प्रवाळ, वर खारं पाणी. ठरलेल्या दिवशी सकाळी विक्री असते, काकडी, पालेभाज्या, लवकर जा नाहीतर संपते. बाकी जेवण म्हणजे मासे, भात, नारळ, डबाबंद मांस आणि फिजीहून आलेली कोंबडी. कोकणातल्या माणसाला दोन गोष्टी घरच्या वाटतील, नीरफणस आणि माडी, माडी इथेही माडावर चढूनच काढतात. पुलाका म्हणून अळूच्या कुळातला मोठा कंद असतो, खड्डे खणून गोड्या पाण्याच्या थरापर्यंत लावतात, पण आता त्या खड्ड्यांतच खारं पाणी शिरायला लागलंय. थेपले, मेतकूट, चटण्या न्यायच्या असतील तर फिजीचे कस्टमचे नियम आधी बघा, तिथे कडक तपासणी असते.

पाणी पावसाचं, छतावरून टाकीत. २०११ ला दुष्काळ पडला तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली होती. आंघोळीला बादलीभर पाणी पुरवा आणि पिताना उकळलेलंच प्या. डासांचं मलम विसरू नका, डेंग्यू असतो. दवाखाना आहे पण गंभीर काही झालं तर फिजी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी भरती येते तेव्हा पाणी नुसतं किनाऱ्यावरून येत नाही, जमिनीतून वर बुडबुडत येतं, कारण खाली सगळं सच्छिद्र प्रवाळ. भिंत बांधून ते अडत नाही. म्हणून लगूनमधली वाळू टाकून कचेरीसमोर सातेक हेक्टर नवी उंच जमीन केलीय, ती चालत जाऊन बघा. आणि दुसरीकडे ऑस्ट्रेलियाशी करार झालाय, वर्षाला २८० जणांना तिथे कायम राहायचा व्हिसा. २०२५ च्या पहिल्या सोडतीत घरचे धरून आठ हजारांवर लोकांची नावं आली, अकरा हजारांच्या देशात! मी विचारलेल्या बहुतेकांनी नाव दिलं होतं, पण जाणार का म्हटलं तर बघू म्हणाले, मुलांच्या शिक्षणासाठी दार उघडं ठेवलंय इतकंच.

रविवारी सगळं बंद, चर्च आणि झोप. चर्चला गेलात तर गाणं ऐकायला मिळेल, पूर्ण कपडे घाला. पोहतानाही बायका कपड्यांतच उतरतात, बिकिनी वगैरे गावात नको. फातेले म्हणजे दोन गटांत चालणारं इथलं पारंपरिक नाच-गाणं, त्याचं आमंत्रण मिळालं तर सोडू नका, लाकडी खोक्यावर थापा मारत संथ सुरुवात आणि मग वेग वाढत जातो, दोन्ही बाजूंची चुरस लागते.

एक दिवस बोट ठरवून लगूनपलीकडच्या संरक्षित बेटांवर जा, १९९६ पासून तिथे मासेमारी बंद आहे, पाण्यात मासे आणि वर पक्षी भरपूर. परवानगी लागते, लॉजवाले करून देतात, खर्च चार जणांत वाटला तर परवडतो. मे ते ऑक्टोबर हवा बरी. तिकिटं जमवणाऱ्यांनी पोस्टाच्या संग्राहक विभागात नक्की डोकवा. आणि परतीच्या आदल्या दिवशी विमान येतंय ना हे लॉजवर विचारून ठेवा, पुढचं सुवात नीट होतं, तिथे टॅक्सीवाल्याशी हिंदीतच बोलायचं.