गरम झालं की प्रेशर पडायचं

मी फ्लोरिडात एका छोट्या एअरपोर्टवर विमानांचा मेकॅनिक आहे. रोजचं काम सेसना-पायपरचं, त्यातली लायकॉमिंग इंजिनं आता डोळे मिटून खोलतो. पण मागच्या वर्षी एक सत्तरीचा रिटायर्ड इंजिनिअर आला, स्वतः बांधलेलं विमान आणि त्यात माझदाचं १३बी, हो तेच आरएक्स-७ गाडीतलं रोटरी. (पहिल्या महायुद्धातली ती रोटरी वेगळी, त्यात अख्खे सिलेंडर पंख्यासोबत गरगरायचे आणि तेल म्हणून चक्क एरंडेल ओतायचे, पायलटच्या पोटाचं काय होत असेल ते देव जाणे. यात सिलेंडर-पिस्टन भानगडच नाही, ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर.)

तक्रार ऑइल प्रेशरची, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या तेलाच्या दाबाची. थंड इंजिनवर ७० पीएसआय, वर जाऊन अर्धा तास झाला की ४५, आणि उतरल्यावर आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू ठेवलं की) १२-१३. ऑइल लेव्हल बरोबर, बाहेर एक थेंब गळत नाही. हँगरमधल्या सगळ्यांनी बघताक्षणी निकाल देऊन टाकला, बेअरिंग गेलं. मालकाचं तोंड एवढंसं झालेलं कारण इंजिन त्यानेच उघडून परत बांधलेलं आणि नंतर जेमतेम २० तास उडवलेलं.

मी आधी सेन्सरच्या लाइनीत टी-जोड टाकून साधा काट्याचा मेकॅनिकल गेज लावला. सेन्सर ५ पीएसआय कमी दाखवत होता, पण प्रेशर पडत होतं हे खरंच. मग ऑइल फिल्टर कापला, आतला कागद उन्हात पसरला, चुंबक फिरवलं, बोटाने चोळून बघितलं, काही म्हणजे काही नाही. बेअरिंग एवढं खाल्लं असतं तर धातूची चमकी दिसायलाच हवी होती ना. म्हणजे तेल दुसरीकडेच कुठेतरी पळतंय, पण कुठे?

या इंजिनात तेल नुसतं वंगण नाही, रोटरला आतून गार करायचं कामही त्याचंच. शाफ्टच्या तोंडाशी एक थर्मल पेलेट (तापमानाप्रमाणे उघडणारा-मिटणारा छोटा व्हॉल्व्ह) असतो, तो उघडा अडकला तरी प्रेशर पडतं, पण मालकाने त्या जागी आधीच सॉलिड प्लग टाकलेला. तेलाचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर खोलला तर त्याचा पिस्टन एकदम सुळसुळीत. राहिलं फ्रंट कव्हर, म्हणजे इंजिनच्या पुढच्या तोंडावरचं झाकण. आणि गंमत म्हणजे या विमानात इंजिन उलटं बसवलेलं, फ्लायव्हीलची बाजू पंख्याकडे, त्यामुळे 'फ्रंट' कव्हर मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटलेलं, हात जाईल तर शपथ. शेवटी इंजिन उतरवून स्टँडवर घेतलं.

ऑइल पॅन काढला, कूलरकडे जाणाऱ्या फिटिंगला बागेत फवारणी करतात तसला पंप जोडला, त्यात गरम केलेलं तेल भरून दाब दिला आणि टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. ऑइल पंपाच्या गिअरमधून थोडं झिरपत होतं, ते चालतं. पण कव्हरच्या मागून सरळ धार! माझ्या कपाळावरच आली पहिली.

तेल पंपातून निघून पुढच्या हाउसिंगमधून कव्हरमध्ये जातं, त्या जोडावर एक छोटी ओ-रिंग (दाबून बसणारी रबरी कडी) असते. तिथून गळलेलं तेल परत पॅनमध्येच पडतं म्हणून बाहेर पत्ता लागत नाही. तेल थंड आणि घट्ट असेपर्यंत पंप गळती भरून काढतो, तापून पातळ झालं की संपलं.

कव्हर काढताना शाफ्ट पुढे दाबून धरावा लागतो, नाहीतर आतलं थ्रस्ट बेअरिंग घसरून तिरकं अडकतं आणि मग बोल्ट आवळताना चिरडतं. मी दाबून धरला होता तरी नंतर डायल गेज लावून एंड प्ले (शाफ्ट पुढे-मागे किती हलतो ते) मोजलाच, ०.०४ ते ०.०७ मिमीच्या मध्ये आला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आणि रिंग? फाटलेली नाही, कडक झालेली नाही, नव्यासारखी गोल गरगरीत! इथेच ट्यूब पेटली, ती दबलीच नव्हती. कव्हरखाली बघतो तर एकावर एक दोन गॅस्केट, त्यामुळे कव्हर उचललेलं आणि रिंगेला दाबच नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला, "बाहेर गळू नये म्हणून मीच टाकली." मग बराच वेळ तो काही बोलला नाही, मीही पान्हे पुसत बसलो.

एक गॅस्केट, नवी रिंग, सगळं परत बांधून उडवलं तर वर ७० स्थिर आणि गरम आयडलला ३२. सेन्सर पण बदलून देतो म्हटलं तर नको म्हणाला, "५ कमी दाखवतो हे आता माहितीये ना."