तुम्ही विचारलंत म्हणून: चेंडू लाल, मग भिंत का रंगते?

ठाण्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्या आणि माळ्यांवरची खोकी खाली उतरली. त्यात १९८२ सालचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक निघाला की प्रश्न ठरलेला: त्यावरच्या खेळात लाल चेंडू निळ्या भिंतीला टेकला की भिंतीचा तुकडाही लाल का होतो?

कारण मेमरीत पडद्याचे ठिपके वेगळे ठेवलेत, रंग वेगळे. २५६ × १९२ ठिपक्यांना ६१४४ बाइट, त्यात फक्त 'आहे' किंवा 'नाही'. रंगाला ७६८ बाइट, म्हणजे ८ × ८ च्या प्रत्येक चौकोनाला एकच. त्यात एक शाई (ठिपक्यांचा रंग), एक कागद (मागचा रंग). तिसऱ्या रंगाला जागाच नाही. प्रत्येक ठिपक्याला आठांतला स्वतःचा रंग द्यायचा तर १८ केबी लागले असते, आणि स्वस्त मॉडेलची सगळी रॅमच १६ केबी! तडजोड शहाणपणाची होती.

मेमरीतला रंगाचा पत्ता: २२५२८ + ३२ × ओळ + स्तंभ. ओळ १०, स्तंभ १२ साठी २२८६०. किंमत: कागद × ८ + शाई, उजळ हवा तर ६४ मिळवा, लुकलुकता हवा तर १२८. पोक ही बेसिकमधली आज्ञा पत्त्यावर आकडा ठेवते: पोक २२८६०,१४ म्हणजे निळ्या (१) कागदावर पिवळी (६) शाई.

खरी फसगत ओव्हर १ करते. ही आज्ञा देऊन तेच पुन्हा त्याच जागी छापलं की ठिपका पुसला जातो, पण चौकोनाची शाई लालच राहते. म्हणून चेंडू हलवण्याआधी रंगाचा जुना बाइट पीक करून (वाचून) ठेवा, नंतर परत पोक करा. नाहीतर मैदान एकाच रंगाचं ठेवा. रंग फक्त चौकटीला आणि गुणफलकाला. मला हेच बरं वाटतं.

अक्षर छापणारं प्रिंट अ‍ॅट वरून ओळी मोजतं, ठिपका काढणारं प्लॉट खालून ठिपके मोजतं, तेही तळाच्या दोन ओळी सोडून. ओळ १०, स्तंभ १२ च्या चौकोनाचा वरचा डावा ठिपका प्लॉट ९६,९५: उभा आकडा १७५ − ८ × ओळ.

थेट ठिपके पोक करायचे तर आधी १६३८४ ते २२५२७ क्रमाने २५५ (आठही ठिपके 'आहे') भरून बघा. पडदा सरळ भरत नाही. समजा, पडद्याचे तीन भाग म्हणजे आठ मजल्यांच्या तीन विंग; मजला म्हणजे चौकोनांची ओळ, तिच्यातल्या ठिपक्यांच्या आठ ओळी म्हणजे मजल्यावर आठ दारं; पेपरवाला वरून खाली प्रत्येक मजल्याच्या पहिल्याच दारात पेपर टाकतो, मग पुन्हा वर जाऊन दुसरं दार. म्हणून चौकोनाच्या आत एक ठिपका खाली यायला पत्त्यात ३२ नाही, २५६ मिळवायचे.

पडदा भरल्यावर संगणक मध्येच 'स्क्रोल?' (वर सरकवू का?) विचारत असेल तर प्रिंटच्या लूपमध्ये पोक २३६९२,२५५ टाका.