दोन जुन्या फायबर होड्यांतून एक निवडताना: माझा अनुभव

मालवण तालुक्यातल्या तळाशीलला आमचं घर वाळूच्या एका अरुंद पट्टीवर आहे. पुढे समुद्र, मागे कालावलची खाडी. दोन्हीकडे पाणी असलं तरी होडी ठेवायची कुठे, हा इथे साधा प्रश्न नाही. समुद्राच्या बाजूला ठेवली तर फुटणाऱ्या लाटेतून काढावी लागते आणि आल्यावर वाळूवर ओढून घ्यावी लागते. खाडीत ठेवली तर मुखाशी साचलेल्या वाळूमुळे भरती बघूनच आत-बाहेर करता येतं. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. जाळी बांगड्याची. संध्याकाळी टाकायची, पहाटे ओढायची आणि सकाळच्या लिलावाला किनारा गाठायचा. ओहोटी लागली म्हणून मुखाशी ताटकळत बसलो तर त्या मासळीला कोण दर देणार? म्हणून होडी समुद्राच्या बाजूलाच ठेवायची हे आम्ही आधीच ठरवलं होतं, आणि पुढचा सगळा निर्णय त्या एका गोष्टीवर फिरला.

नवी घेण्याचा विचार केला नाही असं नाही. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली होती. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होतं. पण उरलेली रक्कम उभी करायची, मंजुरीची वाट बघायची, आणि ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना हातात होडी नाही, हे आम्हाला परवडणारं नव्हतं. जुनी बघायला मे महिना चांगला. १ जूनपासून बंदी लागते, पावसाळाभर होडी झाकून सांभाळण्यापेक्षा विकलेली बरी असं मालकाला वाटत असतं, आणि तरीही पाण्यात घालून मशीन चालवून बघता येतं. जूनमध्ये गेलात तर झापांखाली झाकलेली होडी दिसेल, पण ती पाण्यात कशी वागते ते कळणार नाही.

दोन होड्या नजरेत भरल्या. पहिली देवबागची, तेवीस फुटी, रुंद. तिच्यावर मागचे काही हंगाम पर्यटकांना संगमावर आणि डॉल्फिन दाखवायला नेलं जात होतं. आत बाकडी, वरून ताजा निळा रंग, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन, बिलासकट. दुसरी आचऱ्याकडची, एकोणीस फुटी, अंगाने सडपातळ. रंग उडालेला, डाव्या कुशीला मॅट (फायबरचं कापड) मारून केलेली जुनी डागडुजी उघडी दिसत होती आणि मशीन जुनं टू-स्ट्रोक. भावाचं मन पहिलीवर बसलं, ते साहजिकच होतं. पेट्रोल शंभरीच्या वर असताना फोर-स्ट्रोकचा खर्च कमी येतो, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत बसावं लागत नाही, धूर नाही, आवाजही कमी.

दोन्हीकडे मी मामाला घेऊन गेलो. मामाने उभा जन्म तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून काढलाय. देवबागला पोचल्यावर भाऊ मशीनचं झाकण काढायला वाकला, तर मामा म्हणाला, "झिला, मशीन मागीर बघ. आदी फळी बघ."

फळी म्हणजे मागची, जिच्यावर मशीन चढवतात ती. फायबरच्या होडीत ही फळी बाहेरून फायबरची दिसली तरी आत बहुतेक वेळा लाकूड असतं. मशीनचं सगळं वजन आणि सगळा रेटा तिच्यावर येतो. कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की लाकूड आतल्या आत कुजतं आणि बाहेर काहीही दिसत नाही. मामाने पेचकसाची मूठ घेतली आणि फळीवर वरून खाली ठोकत गेला. वर टणक, स्वच्छ आवाज. मशीनच्या शिकंज्याच्या खाली आल्यावर आवाज बसला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मग त्याने मालकाला विचारून तिथल्या पट्टीचा एक स्क्रू काढला. स्क्रूच्या आट्यांत काळा, ओला चोथा अडकून आला आणि भोकातून तपकिरी पाण्याचा ओघळ निघाला. शेवटी मशीनचा पाय (पाण्यात उतरणारा खालचा भाग) दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला, तेव्हा फळी कडेच्या जोडापाशी किंचित हलत होती. मी बोट लावून बघितलं, ते हलणं बोटाला कळत होतं.

फळी दुरुस्त होत नाही असं नाही. आतलं फायबर कापायचं, कुजकं लाकूड खरवडून काढायचं, नवी मरीन प्लाय बसवायची आणि पुन्हा मॅट-रेझिनचे थर द्यायचे. पण ते काम कोरड्या हवेत करायचं असतं. जून-जुलैच्या दमटपणात रेझिन नीट धरत नाही, आणि आम्हाला होडी ऑगस्टला हवी होती. मशीन मात्र खरंच सुरेख होतं. आम्ही गेलो तेव्हा ते गार होतं (आधी सुरू करून गरम ठेवलेलं नाही ना, हे झाकणावर हात ठेवून बघावं), दोन ओढीत चालू झालं आणि मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात, सलग पडत होती. भावाने विचारलं, नुसतं मशीन देता का. "मशीन सुटा देवचंय नाय," मालक म्हणाला. त्याचंही खरं होतं, मशीन गेल्यावर ती होडी कोण घेणार.

मला जास्त काळजी वाटली ती वजनाची. कर्ली नदीच्या शांत पाण्यात ती होडी डौलाने चालली. पण वाळूवर चार जणांनी रेटली तेव्हा मुश्किलीने हातभर सरकली. तळाशीलला पहाटे परत येताना आम्ही दोघं असू, फार तर शेजारचा एखादा मदतीला येईल. लाटेच्या तोंडावर होडी आडवी झाली आणि वेळेत वर ओढता आली नाही तर दुसरी लाट ती भरून टाकते. अशी जागा असेल तर हलकी होडी हा सोयीचा नाही, जिवाचा प्रश्न असतो.

आचऱ्याची होडी दांड्यांवर घालून आम्ही तिघांनी वर घेतली. पालथी करून तळ बघितला. जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला) बारीक चिरा होत्या, पण फोड नव्हते. तळाला फोड असले की पाणी थरात शिरलेलं असतं आणि होडी दरवर्षी जड होत जाते. कुशीची डागडुजी आतून हात घालून तपासली, आतही मॅटचे थर व्यवस्थित पसरून दिलेले होते. जी दुरुस्ती लपवलेली नसते तिची मला भीती वाटत नाही. मागची फळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच आवाजात बोलली. फळीची उंची १५ इंच आणि मशीनही आखूड पायाचं, म्हणजे पंख्यावरची आडवी पट्टी बरोबर तळाच्या रेषेत येत होती. २० इंची लांब पायाचं मशीन आखूड फळीवर चढवलेल्या होड्या मी बघितल्यात. पाय खोल लोंबतो, पाणी अडतं आणि वाळूला पहिला लागतो तोच.

मशीनची गोष्ट वेगळी. ओळखीच्या मेकॅनिकने प्लग काढून दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजलं. जुन्या मशीनच्या मानाने आकडे ठीक होते आणि दोघांतला फरक दहा टक्क्यांच्या आत. फरक जास्त असता तर आम्ही तिथूनच परतलो असतो. पण गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू सैल केल्यावर आधी थेंबभर पाणी आणि मग दुधाळ ऑइल आलं. सील गेलेले, खारं पाणी आत. पाण्याची धार पडत होती, पण लुळी. म्हणजे पंपाचा इम्पेलर झिजलेला. मशीनऐवजी स्वतः गंजावा म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा झिजून नावापुरता उरला होता.

भाऊ म्हणाला, बघ, इथे मशीन आजारी आहे. मामाने त्याला एवढंच सांगितलं की सील, इम्पेलर आणि जस्त दुकानात मिळतं. मेकॅनिकने गिअर उघडून दात बघितले, गंज चढलेला नव्हता, तेव्हा माझं ठरलं. त्याने कागदावर सुट्या भागांची आणि मजुरीची यादी केली आणि तीच यादी मी मालकासमोर ठेवली. घासाघीस अशी झालीच नाही. यादीतला खर्च त्याने किमतीतून वळता केला, वर जुने नांगर आणि दोर दिले. मुलगा गोव्यात नोकरीला, होडी चालवणारं घरात कोणी नाही. होडी वापरात राहावी एवढीच त्याची इच्छा दिसली.

कागद बघताना घाई केली नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र, मासेमारीचा परवाना आणि होडीच्या दोन्ही बाजूंना लिहिलेला नंबर, तिन्ही जुळतात का ते बघितलं. मशीनच्या ब्रॅकेटवरचा नंबरही मी लिहून घेतला. होडीवर कर्ज नाही हे बँकेकडून लेखी मागितलं. देवबागच्या होडीचं इथेही अडलं असतं. नोंदणी अजून मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होती आणि बहिणींच्या संमत्या घ्यायच्या बाकी होत्या. नाव बदलून घेतल्याशिवाय सगळे पैसे देऊ नयेत असं मी सगळ्यांना सांगतो. आम्ही थोडी रक्कम विसार म्हणून दिली आणि मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात हस्तांतरण झाल्यावर बाकीची.

पावसाळ्यात मशीन घरी पडवीत स्टँडवर होतं. सील नवीन, इम्पेलर नवीन. टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलच्या लिटरला २० मिली ऑइल, ते मापानेच टाकतो. आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून थोडा वेळ चालवतो, त्याने आतलं मीठ धुतलं जातं. पेट्रोल फोर-स्ट्रोकपेक्षा जास्त लागतं हे खरं आहे आणि महिन्याच्या हिशेबात ते दिसतं. पुढे पैसे जमले की आखूड पायाचं फोर-स्ट्रोक घ्यायचं भावाच्या मनात आहे. फळीला ते वजन पेलेल, पण वाळूवर ओढताना मागे जे दहाएक किलो वाढतील ते आम्हा दोघांना झेपतात का, हे आधी शेजाऱ्याचं मशीन चढवून बघणार आहोत.